विश्लेषण : शिडीवरचे काम इतके जोखमीचे का? नव्या कामगार संहितेने काय बदलेल?

मे महिना संपत आला, की गावोगावी शिड्या बाहेर निघतात. कोकणात कौले चाळायची असतात, शहरांत गच्चीवर पत्रे टाकायचे असतात, पन्हळी साफ करायच्या असतात, दुकानांच्या पाट्या नीट बसवायच्या असतात. वर्षभर सोसायटीच्या जिन्यातले दिवे, वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती, सीसीटीव्ही कॅमेरे, गोदामातल्या वरच्या फळ्या ही कामे सुरूच असतात. या सगळ्यांत एक साधन समान आहे. ते स्वस्त आहे, प्रत्येकाला वापरता येते असे प्रत्येकाला वाटते आणि म्हणून त्याची तपासणी कोणी करत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीची संहिता लागू झाली. या संहितेच्या निमित्ताने शिडीवरच्या कामाची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न पुन्हा विचारण्यासारखा आहे.

शिडीवरून पडणे कितपत गंभीर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडून मरण पावतात. अनवधानाने होणाऱ्या दुखापतींमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो. यात घरात पडणारे वृद्ध आणि कामावर उंचावरून पडणारे कामगार असे दोन्ही येतात. अमेरिकेतील कामगार सुरक्षा प्रशासन सर्वाधिक मोडल्या जाणाऱ्या नियमांची यादी दरवर्षी जाहीर करते. २०२४ च्या आर्थिक वर्षातील यादीत पडण्यापासून संरक्षणाचा नियम पहिल्या, तर शिड्यांविषयीचा नियम तिसऱ्या क्रमांकावर होता. तपासणी यंत्रणा बळकट असलेल्या देशाची ही स्थिती आहे. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात ‘उंचावरून पडून मृत्यू’ असे शीर्षक असते. ती उंची शिडीची, परांचीची की गच्चीची हे त्यातून कळत नाही.

शिडीबाबत सर्वांत मोठा गैरसमज उंचीचा असतो. ‘आठ-दहा फूट तर आहे’ असे म्हणून काम सुरू होते. दोन मीटरवरून म्हणजे साडेसहा फुटांवरून पडलेला माणूस जमिनीवर आपटतो तेव्हा त्याचा वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास असतो. तीन मीटरवरून पडल्यास तो साधारण ताशी २७ किलोमीटर होतो. पडायला लागणारा वेळ पाऊण सेकंदाच्या आत-बाहेर असतो. इतक्या वेळात सावरणे, काही पकडणे किंवा डोके वाचवणे माणसाला जमत नाही. खाली फरशी, कुंपणाची भिंत किंवा पाण्याच्या टाकीची कड असेल, तर पहिल्या मजल्याच्याही खालून पडलेला माणूस दगावू शकतो किंवा पाठीचा कणा जायबंदी होऊन कायमचा अंथरुणाला खिळू शकतो.

खाली घट्ट असलेली शिडी वर गेल्यावर का घसरते?

शिडी लावल्यावर बहुतेक जण ती दोन्ही हातांनी हलवून पाहतात, पहिल्या पायरीवर उभे राहून एकदा जोर देतात आणि ‘घट्ट आहे’ म्हणून चढतात. ही चाचणी फसवी आहे. भिंतीला टेकवलेल्या शिडीवर माणूस उभा असतो, तेव्हा त्याच्या वजनामुळे शिडीचा पाय भिंतीपासून दूर सरकू पाहतो. हा रेटा माणूस जितका वर जाईल तितका वाढतो. खालच्या पायरीवर तो जवळपास नसतोच. वरच्या टोकाशी तो सर्वाधिक असतो. म्हणजे शिडीची खरी परीक्षा माणूस सर्वांत उंचावर असताना होते आणि ती घसरते तीही तेव्हाच.

दुसरा घटक कोनाचा. शिडीचे स्वतःचे वजन आणि भिंतीकडून मिळणारे घर्षण बाजूला ठेवून साधा हिशेब केला, तरी चित्र स्पष्ट होते. ७० किलो वजनाचा माणूस टोकाशी उभा आहे आणि शिडी जमिनीशी ७५ अंशांत आहे, तर पायथ्याशी बाहेरच्या दिशेने १९ किलोच्या आसपास रेटा येतो. तीच शिडी ६० अंशांवर असेल तर तो ४० किलो होतो. ४५ अंशांवर तो माणसाच्या वजनाइतका, म्हणजे ७० किलो होतो. हा सगळा रेटा शिडीच्या पायाखालच्या घर्षणाने पेलायचा असतो. कोरड्या, खडबडीत कोब्यावर ते जमते. ओल्या टाइल्सवर, शेवाळलेल्या गच्चीवर, धूळ किंवा वाळू पसरलेल्या फरशीवर जमत नाही. पायाला रबराचे बूट नसतील, किंवा ते झिजून गुळगुळीत झालेले असतील, तर आणखीच कठीण.

यावरून एक नेहमीची सवय किती महागात पडते हे लक्षात येते. शिडी कमी पडते किंवा मध्ये कुंडी, गाडी, गटार येते, म्हणून तिचा पाय भिंतीपासून लांब ठेवला जातो आणि खाली एकाला धरायला उभे केले जाते. ४० किंवा ५० किलोचा अचानक येणारा रेटा वाकून उभ्या असलेल्या माणसाला थोपवता येत नाही. उलट शिडी घसरली, की वरचा माणूस त्याच्याच अंगावर येतो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा प्रशासनाच्या मार्गदर्शनातही पायथ्याशी माणूस उभा करणे हा शेवटचा उपाय मानला आहे. आधी शिडी बांधावी, मग अडकवावी, काहीच शक्य नसेल तर माणूस, असा क्रम त्यात आहे.

मग शिडी लावायची कशी?

जगभर वापरला जाणारा नियम ‘चारास एक’ असा आहे. शिडी जिथे टेकते ती उंची चार मीटर असेल, तर पाय भिंतीपासून एक मीटरवर असावा. त्यातून सुमारे ७५ अंशांचा कोन साधतो. टेप जवळ नसेल तर शिडीच्या पायाशी आपल्या पायांची बोटे टेकवून सरळ उभे राहावे आणि हात खांद्याच्या पातळीत समोर ताणावेत. तळवे पायरीला सहज टेकले तर कोन ठीक आहे. हात पोहोचत नसतील तर शिडी फार तिरकी आहे, कोपर वाकत असेल तर ती फार उभी आहे. फार उभी शिडीही चालत नाही. माणूस मागे झुकला, की ती मागे उलटू शकते.

शिडीवरून गच्चीवर किंवा पत्र्यावर उतरायचे असेल, तर ती टेकण्याच्या जागेच्या वर किमान एक मीटर निघालेली असावी. उतरताना आणि पुन्हा शिडीवर येताना धरायला काहीतरी लागते. चार मीटर उंचीच्या गच्चीसाठी चार मीटरची शिडी पुरत नाही. तिरकेपणा आणि वरचा एक मीटर धरला तर ती सव्वापाच मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण १७ फुटी लागते. बाजारात किंवा भाड्याने घेताना हा हिशेब क्वचितच केला जातो. मग दोन शिड्या सुतळीने एकत्र बांधणे, खाली विटा किंवा ड्रम ठेवणे, टेम्पोच्या हौद्यात शिडी उभी करणे असे प्रकार सुरू होतात.

वर पोहोचल्यावर शिडीचे दोन्ही उभे दांडे पक्क्या आधाराला बांधावेत. प्लास्टिकचा पाइप, पन्हळ किंवा काचेचे तावदान हा आधार नव्हे. चढताना तोंड शिडीकडे असावे आणि दोन हात व दोन पाय यांपैकी तीन नेहमी शिडीला लागलेले असावेत. म्हणजेच हातात ड्रिल किंवा बादली घेऊन चढायचे नाही. हत्यारे कमरेच्या पट्ट्यात ठेवावीत किंवा वर गेल्यावर दोरीने ओढून घ्यावीत. काम करताना पोटाचा मध्य दोन दांड्यांच्या आतच राहील इतकाच हात लांबवावा. ‘एवढेच राहिले आहे’ म्हणून एका बाजूला झुकणे हे शिडी आडवी सरकण्याचे नेहमीचे कारण आहे. उतरून शिडी सरकवायला दोन मिनिटे लागतात. तेवढ्यासाठी जीव धोक्यात घातला जातो. टेकवलेल्या शिडीच्या वरच्या तीन पायऱ्यांवर उभे राहू नये, कारण तिथे हाताला धरायला काही उरत नाही.

घोडी अधिक सुरक्षित असते का?

रंगारी आणि वायरमन जिला घोडी म्हणतात, ती दोन्ही बाजूंनी उघडणारी शिडी भिंतीच्या आधाराशिवाय उभी राहते. त्यामुळे ती सुरक्षित वाटते. तिची स्थिरता मात्र चारही पाय एका पातळीत असण्यावर आणि मधल्या पट्ट्या पूर्ण उघडून अडकलेल्या असण्यावर अवलंबून असते. जुन्या घोड्यांत या पट्ट्या तुटलेल्या असतात आणि त्यांच्या जागी दोरी बांधलेली असते. दोरी पाय फाकू देत नाही, पण ते आत मिटण्यापासून रोखत नाही. काम करणारा सरकला, की घोडी मिटते.

घोडीच्या सर्वांत वरच्या दोन पायऱ्यांवर उभे राहू नये. तिच्यावर बसून किंवा उभे राहून तिला ‘चालवत’ पुढे नेणे हे रंगकामात सर्रास दिसते. ते कौशल्य नक्कीच आहे, पण त्या क्षणी घोडीचे दोनच पाय जमिनीवर असतात. घोडी मिटवून भिंतीला टेकवून वापरणेही चुकीचे, कारण त्या स्थितीत तिचे पाय जमिनीवर सपाट बसत नाहीत. भिंतीत भोक पाडताना ती भिंतीला समोरासमोर असावी. बाजूने उभी करून ड्रिलचा जोर दिला, तर तो जोर घोडीला आडवे ढकलतो.

बांबू, लाकूड, ॲल्युमिनियम की फायबर?

कामाच्या जागेवरून हे ठरते. विजेच्या जवळ काम असेल तर ॲल्युमिनियम किंवा लोखंडाची शिडी वापरायचीच नाही. तिथे फायबरग्लासची, कोरडी आणि स्वच्छ शिडी लागते. बांबू आणि लाकूड कोरडे असताना विजेचे दुर्वाहक असले, तरी ओले झाल्यावर त्यांचा भरवसा धरता येत नाही. पावसाळ्यातले अपघात इथूनच सुरू होतात.

वीज म्हणजे केवळ हातातली वायर असे समजणे धोक्याचे आहे. ११ हजार व्होल्टपर्यंतच्या उच्चदाब वाहिनीचे इमारतीपासूनचे आडवे अंतर किमान १.२ मीटर असावे, असे केंद्रीय वीज सुरक्षा नियमांत म्हटले आहे. इमारतीत राहणाऱ्यांसाठी ते ठीक असेल. पाच मीटरची ॲल्युमिनियमची शिडी उभी करताना ती एका बाजूला कलली, तर हे अंतर क्षणात संपते. वाहिनीवर आवरण नसते आणि विजेचा झटका बसायला प्रत्येक वेळी स्पर्शच व्हावा लागतो असेही नाही. म्हणून वरून तारा जात असतील तर शिडी आडवी न्यावी, दोघांनी न्यावी आणि उभी करण्याआधी एकदा वर पाहावे. वाहिनी जवळ असेल तर वीजपुरवठा बंद करून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.

वजनाचा हिशेबही करावा लागतो. चांगल्या शिडीवर ती किती भार पेलते हे लिहिलेले असते आणि त्या भारात माणूस, हत्यारे, साहित्य सगळे येते. रंगाचा २० लिटरचा भरलेला डबा २५ किलोच्या पुढे जातो. ७५ किलोचा रंगारी तो घेऊन चढला तर शिडीवर शंभर किलो होतात. घरगुती वापराच्या हलक्या शिड्या व्यावसायिक कामाला वापरल्या जातात, तेव्हा त्या वाकतात किंवा त्यांचे रिबीट निसटतात.

लाकडी आणि बांबूच्या शिडीला रंग देऊ नये, हा जुना आणि महत्त्वाचा नियम आहे. रंगाखाली चीर, वाळवी आणि कुज लपते. संरक्षण हवे असेल तर पारदर्शक व्हार्निश किंवा तेल लावावे. तुटलेली पायरी खिळे ठोकून किंवा तारेने बांधून चालवू नये. खराब शिडी कोपऱ्यात ठेवली, की कोणीतरी घाईत ती उचलतोच. तिचे तुकडे करून ती भंगारात घालणे हाच उपाय.

शिडी वापरूच नये असे प्रसंग कोणते?

शिडी हे मुख्यतः वर जाण्याचे साधन आहे. वर उभे राहून काम करण्याची जागा म्हणून ती कमकुवत ठरते. ब्रिटनमध्ये उंचावरील कामासाठी २००५ पासून स्वतंत्र नियम आहेत. त्यांत उतरंड दिलेली आहे. उंचावर जाणे टाळता येत असेल तर टाळा, टाळता येत नसेल तर पडणे रोखा, तेही जमत नसेल तर पडल्यावरची इजा कमी करा. तिथे शिडीवर बंदी नाही. जोखीम कमी आणि काम थोड्या वेळाचे असेल तरच ती वापरावी, असा नियम आहे. एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर दुसरे साधन पाहावे, असे तेथील मार्गदर्शन सांगते.

आपल्याकडेही ही कसोटी लावता येते. दोन्ही हात गुंतवणारे, जोर लावायला लागणारे किंवा तासन्‌तास चालणारे काम असेल, तर कठडा असलेली परांची, चाकांचा फिरता मनोरा किंवा यंत्राने वर जाणारा पाळणा हवा. संपूर्ण इमारतीचे रंगकाम, मोठ्या फलकाची उभारणी, वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग बसवणे ही शिडीवरची कामे नव्हेत. उलट काही कामे जमिनीवरूनच होतात. लांब दांड्याचे रोलर, दिवा बदलण्याची काठी, खाली उतरवता येणारे झुंबर यांमुळे चढण्याचीच गरज राहत नाही.

सिमेंटच्या पत्र्यांचा उल्लेख वेगळा करायला हवा. पावसाळ्यापूर्वी गळती बंद करायला माणूस शिडीने वर जातो. शिडी नीट असते, पण पत्रा त्याचे वजन पेलत नाही. प्रकाशासाठी बसवलेले प्लास्टिकचे पत्रे तर धूळ बसल्यावर वेगळे ओळखूही येत नाहीत. अशा छपरावर आधाराच्या वाशांवर आडव्या फळ्या टाकून त्यांवरूनच चालावे लागते, आणि सुरक्षा पट्टा छपराच्या पक्क्या भागाला अडकवावा लागतो.

कायदा काय सांगतो?

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ मध्ये पडण्याचा धोका असलेल्या उंचीवर काम करणाऱ्यासाठी कुंपण किंवा अन्य व्यवस्था करण्याचे बंधन होते. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा कायदा १९९६ मध्ये आला आणि त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांत शिड्यांवर स्वतंत्र प्रकरण होते. भारतीय मानक ‘आयएस ३६९६’ चा दुसरा भाग केवळ शिड्यांच्या सुरक्षेसाठी आहे आणि तो १९९१ चा आहे. म्हणजे शिडी कशी असावी आणि कशी वापरावी हे आपल्याकडे कित्येक वर्षांपासून लिहिलेले आहे.

नव्या संहितेने असे १३ कायदे एकत्र केले. संक्रमणाच्या काळात जुन्या कायद्यांखालील संबंधित नियम आणि मानके लागू राहतील, असे केंद्र सरकारने संहिता लागू करतानाच स्पष्ट केले. संहितेनुसार कामाची जागा इजा होऊ शकेल अशा धोक्यांपासून मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. जिवावर बेतेल असा धोका जवळ आला आहे असे कामगाराला वाटले, तर तो मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षक-नि-सुविधाकाराच्या निदर्शनास आणण्याचा अधिकार कामगाराला आहे. वास्तुरचनाकार आणि प्रकल्प अभियंत्यांवरही जबाबदारी टाकली आहे. इमारतीची पुढची देखभाल करताना कामगारांना विशेष धोका होणार नाही, याचा विचार त्यांनी नियोजनातच करायचा आहे. सहाव्या मजल्याच्या भिंतीवर वातानुकूलन यंत्र लटकवायला जागा ठेवायची आणि तिथे पोहोचायला वाट ठेवायची नाही, हे या तरतुदीत बसत नाही.

कर्तव्य न पाळल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. गंभीर इजा झाल्यास एक वर्षापर्यंत कैद, दोन ते चार लाख रुपये दंड किंवा दोन्ही. या दंडाची किमान निम्मी रक्कम पीडिताला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

मग अडचण कुठे आहे?

अडचण कामगारांच्या संख्येत आहे. संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन कारखान्यात ५०० आणि बांधकामावर २५० कामगारांपासून पुढे आहे. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा २० वरून ५० वर गेली आहे. स्वतःच्या राहण्यासाठी केलेले ५० लाख रुपयांपर्यंतचे बांधकाम व्याख्येतूनच वगळले आहे. पूर्वी ही मर्यादा दहा लाखांची होती.

आता शिडी कुठे वापरली जाते ते पाहा. दोन माणसांचा रंगारी, एकटा वायरमन, तिघांचा मंडप डेकोरेटर, पाच जणांचे दुकान, घराची डागडुजी करणारा मिस्त्री. मोठ्या प्रकल्पावर परांची, जाळी, पट्टे आणि अधिकारी असतात. शिडी असते ती छोट्या कामावर, आणि छोटी कामे कायद्याच्या आकड्याखाली राहतात. सोसायटी ठेकेदाराला काम देते, ठेकेदार मुकादमाला, मुकादम नाक्यावरून दोघांना आणतो. शिडी कोणी आणायची हे यात कुठेच लिहिलेले नसते. शेवटी सोसायटीच्या गच्चीवर पडलेली जुनी शिडी वापरली जाते. ती घसरली तर ‘त्याचाच तोल गेला’ असे सांगितले जाते.

तोल गेला हे बहुतेक वेळा खरेही असते. पण शिडी आखूड होती, खालची फरशी ओली होती, सोबत माणूस दिला नव्हता आणि संध्याकाळपर्यंत काम उरकायचे होते, या चारही गोष्टी त्याने ठरवलेल्या नसतात. त्या काम देणाऱ्याने आधीच ठरवलेल्या असतात.

अपघात झाल्यास भरपाई मिळते का?

सुरक्षेची संहिता लागू होत नसली, तरी भरपाईचा दरवाजा बंद होत नाही. १९२३ च्या भरपाई कायद्यातील तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. कामामुळे आणि कामाच्या ओघात मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसारच्या गुणकाने गुणून भरपाई ठरते. तिसाव्या वर्षासाठी हा गुणक २०७.९८ आहे. मासिक वेतन १५ हजार रुपये धरले तर भरपाई १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होते. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी ६० टक्के वेतन धरले जाते. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्यांना ही भरपाई त्या योजनेतून मिळते.

कामगाराचा निष्काळजीपणा एवढ्या कारणावरून ही भरपाई नाकारता येत नाही. दारूच्या नशेत असणे किंवा सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणे अशी कारणे मालकाला मांडता येतात, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तीही चालत नाहीत. दावा सर्वसाधारणपणे दोन वर्षांत करावा लागतो. मजुरीची नोंद, मोबाइलवरचे संदेश, पैसे पाठवल्याचा तपशील आणि पोलीस पंचनामा हे पुरावे जपून ठेवणे त्यासाठी आवश्यक ठरते.

रंगारी, प्लंबर, वायरमन यांना महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. वय १८ ते ६० आणि मागील वर्षात ९० दिवस बांधकामाशी संबंधित काम ही त्याची अट आहे. कामावर असताना नोंदीत कामगाराचा मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख रुपयांचे साहाय्य मिळते. नोंदणीचे नूतनीकरण राहून गेले, की हा आधार ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

काम देणाऱ्याने काय करायचे?

कारखान्याचा व्यवस्थापक असो, सोसायटीचा सचिव असो की घरमालक, काम ठरवतानाच काही गोष्टी विचारता येतात. हे काम जमिनीवरून होईल का? अर्ध्या तासाहून अधिक लागणार असेल तर परांचीचे भाडे दरात धरले आहे का? शिडी कोण आणणार आणि तिची लांबी उंचीला पुरते का? खाली जमीन कोरडी आणि सपाट आहे का? जवळून विजेच्या तारा जातात का? वर शिडी बांधायला आधार आहे का? सोबतीला दुसरा माणूस आहे का? हा माणूस हत्यारे वर देतो, रस्त्यावरची ये-जा थांबवतो आणि काही झाले तर मदत बोलावतो. त्याची दिवसाची मजुरी वाचवण्यासाठी तो बहुतेक वेळा वगळला जातो.

कारखाने, दुकाने आणि सोसायट्यांनी आपल्या शिड्यांना क्रमांक देऊन दर तीन महिन्यांनी त्या पाहिल्या आणि वहीत नोंद ठेवली, तर खर्च जवळपास शून्य आहे. वारा सुटला असेल, पाऊस पडत असेल किंवा कामगाराला चक्कर येत असेल, तर काम उद्यावर ढकलण्याची मुभा त्याला आधीच दिलेली असावी. दाराच्या मागे शिडी लावायची असेल तर दार बंद करून ठेवावे. कोणी पडलेच, तर त्याला उचलून बसवण्याची किंवा रिक्षात घालण्याची घाई करू नये. मान आणि पाठ न हलवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. त्या दिवशी मोठ्या कारखान्यांत शपथ घेतली जाते आणि फलक लागतात. दोन-तीन माणसांच्या कामावर शपथ द्यायला कोणी नसते आणि निरीक्षकही पोहोचत नाही. तिथे सुरक्षेचा नियम प्रत्यक्षात लागू करू शकेल असा एकच माणूस असतो. तो म्हणजे काम देणारा. पावसाळ्याआधी छपरावर कोणाला पाठवायचे असेल, तर दराची घासाघीस करताना त्याने एकदा शिडीकडेही पाहावे.